आरक्षणविषयक मतमतांतरे आणि मोजणीचा प्रश्न : उल्हासनगर–अंबरनाथ–बदलापूर परिसराच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रस्तावना

भारतीय समाजात गेल्या काही दशकांत ज्या विषयावर सर्वाधिक बोलले गेले आणि तुलनेने कमी विचार झाला, असा विषय म्हणजे आरक्षण होय. महाविद्यालयीन प्रवेश आणि नोकरभरती ही त्याची दोन प्रमुख क्षेत्रे. या दोन्ही क्षेत्रांशी अध्यापकवर्गाचा प्रत्यक्ष संबंध येतो. प्रवेश समितीवर तोच असतो, निवड समितीसमोर उमेदवार म्हणून तोच बसतो आणि पुढे कधीतरी त्याच समितीत विषयतज्ज्ञ म्हणूनही तोच असतो. असे असूनही शिक्षक कक्षातील चर्चा बहुधा दोन ठरावीक वाक्यांपाशी थांबते. एका बाजूस ‘गुणवत्तेचे काय?’ हा प्रश्न असतो, तर दुसऱ्या बाजूस ‘हजारो वर्षांच्या अन्यायाचे काय?’ हा. दोन्ही प्रश्न रास्त आहेत. परंतु प्रवेश कोणाला मिळणार व पद कोणाला मिळणार, याचा निर्णय अनेकदा या दोन्ही प्रश्नांच्या बाहेर झालेला असतो. जागा कोणत्या मोजल्या, एकक कोणते धरले, संस्था कोणत्या प्रकारची आहे आणि मंजूर पद मुळात भरले जाणार आहे किंवा नाही, या बाबींवर तो अवलंबून असतो. प्रस्तुत लेखात ठाणे जिल्ह्यातील उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर या सलग नागरी पट्ट्याच्या संदर्भात आरक्षणविषयक प्रमुख मतांची चिकित्सा करण्याचा प्रयत्न केला आहे.

परिसराची सामाजिक घडण

मध्य रेल्वेच्या कल्याण–कर्जत मार्गावरील ही तीन शहरे एकमेकांस लागून असली तरी त्यांची घडण भिन्न आहे. २०११ च्या जनगणनेनुसार उल्हासनगरची लोकसंख्या सुमारे ५ लाख ६ हजार, अंबरनाथची २ लाख ५३ हजार आणि बदलापूरची १ लाख ७४ हजार इतकी होती.

उल्हासनगर हे फाळणीतून जन्मलेले शहर आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात उभारलेल्या कल्याण येथील लष्करी छावणीत १९४७ नंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना वसविण्यात आले. ८ ऑगस्ट १९४९ रोजी तत्कालीन गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते या वसाहतीची पायाभरणी होऊन तिला उल्हासनगर हे नाव मिळाले. घर, जमीन, व्यापार व मातृभाषेचा प्रदेश या सर्वांस मुकलेल्या या समाजाने बराकींमध्ये लघुउद्योग उभे केले, त्याचबरोबर शिक्षणसंस्थाही उभ्या केल्या. बॅरिस्टर होतचंद अडवाणी व प्राचार्य के. एम. कुंदनानी यांच्या पुढाकाराने हैदराबाद (सिंध) नॅशनल कॉलेजिएट बोर्ड मुंबईत कार्यरत झाले आणि १९४९ मध्ये वांद्रे येथे नॅशनल कॉलेज सुरू झाले. याच बोर्डाचे चांदीबाई हिंमतमल मनसुखानी महाविद्यालय १९६५ मध्ये उल्हासनगरात सुरू झाले. कल्याणच्या पलीकडील या पट्ट्यातील अनेक पिढ्यांना पदवीपर्यंत नेण्याचे कार्य येथील सिंधी समाजाच्या संस्थांनी केले, हे निर्विवाद आहे.

अंबरनाथचे नाव शके ९८२ च्या शिलालेखामुळे इतिहासाच्या अभ्यासकांना परिचित असले, तरी आधुनिक अंबरनाथ घडले ते आयुध निर्माणी, आगपेटीचा कारखाना आणि औद्योगिक वसाहत यांमुळे. केंद्र सरकारच्या कारखान्यात अनुसूचित जाती-जमातींना असलेले आरक्षण आणि औद्योगिक वसाहतीतील खाजगी कारखान्यात त्याचा अभाव, हे दोन्ही प्रकार येथे एकाच शहरात पाहावयास मिळतात. अंबरनाथ विधानसभा मतदारसंघ २००९ च्या निवडणुकीपासून अनुसूचित जातींसाठी राखीव आहे. बदलापूरच्या परिसरात आगरी, कुणबी, ठाकूर व कातकरी समाजांची गावे-वाड्या आहेत. त्यातच मुंबईतील घरे न परवडणारा मध्यमवर्ग तेथे येऊन स्थिरावला. महाडच्या चवदार तळ्याच्या सत्याग्रहाच्याच वर्षी, म्हणजे १९२७ मध्ये, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी बदलापूर येथील शिवजयंती उत्सवाचे अध्यक्षस्थान स्वीकारले होते. या परिसराच्या सामाजिक स्मृतीत त्या घटनेस स्थान आहे.

याचा अर्थ असा की, या पट्ट्यातील महाविद्यालयाच्या प्रवेशद्वाराशी वंचिततेचे किमान दोन इतिहास एकत्र येतात. एक विस्थापनाचा आहे, तर दुसरा जातीय बहिष्काराचा. घटनेने दोहोंची दखल घेतली, परंतु वेगवेगळ्या अनुच्छेदांनी. पहिल्याला अनुच्छेद ३० चे संरक्षण मिळाले, दुसऱ्याला अनुच्छेद १५(४) व १६(४) चे. या दोन संरक्षणांचा परस्परसंबंध काय असावा, हा येथील आरक्षणचर्चेचा खरा गाभा होय. आणि नेमका तोच चर्चेतून निसटतो.

मतभेदांची पूर्वपीठिका

महाराष्ट्रात आरक्षणाचा विचार मंडल आयोगापासून सुरू झाला, हा समज चुकीचा आहे. महात्मा जोतीराव फुले यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगास सादर केलेल्या निवेदनात शिक्षणावरील सरकारी खर्चाचा लाभ वरिष्ठ वर्गांनाच मिळतो आणि कर मात्र रयत भरते, ही विसंगती दाखवून दिली होती. राजर्षी शाहू महाराजांनी २६ जुलै १९०२ च्या आदेशान्वये करवीर संस्थानातील रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी ५० टक्के जागा मागासलेल्या वर्गांसाठी राखून ठेवल्या. त्या आदेशावरही गुणवत्तेच्या नावाने टीका झाली होती. म्हणजेच आजचा आक्षेप सव्वाशे वर्षे जुना आहे.

३० नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत डॉ. आंबेडकरांनी केलेले विवेचन या संदर्भात विशेष महत्त्वाचे ठरते. सर्वांना समान संधी असावी, ही एक भूमिका. समान संधी खऱ्या अर्थाने हवी तर कोणत्याही वर्गासाठी राखीव जागा नसाव्यात, ही दुसरी. आणि तत्त्व मान्य असले तरी प्रशासनातून आजवर बाहेर ठेवल्या गेलेल्या समाजांना प्रवेश मिळालाच पाहिजे, ही तिसरी. या तीनही भूमिकांचा मेळ घालणे हे मसुदा समितीचे काम होते, असे त्यांनी स्पष्ट केले. त्याच भाषणात त्यांनी राखीव जागा अल्पांश असाव्यात, अन्यथा समान संधीचे तत्त्वच नष्ट होईल, असेही सांगितले. आज आरक्षणाचे समर्थक तिसरी भूमिका उचलतात, विरोधक दुसरी. आंबेडकरांनी मात्र तीनही भूमिका एकाच वेळी हातात धरल्या होत्या. मतभेद मिटविण्याऐवजी त्यांना प्रमाणबद्ध करणे, ही ती पद्धत होती. पुढील न्यायनिर्णय, विशेषतः १९६३ चा एम. आर. बालाजी खटला व १९९२ चा इंद्रा साहनी खटला, याच प्रमाणाच्या शोधात दिसतात.

‘गुणवत्ता’ या युक्तिवादाची चिकित्सा

आरक्षणविरोधाचा मुख्य आधार गुणवत्ता हा आहे. हा युक्तिवाद हेटाळणीने बाजूस सारता येत नाही. ज्या विद्यार्थ्याने कुठल्याही शिफारशीविना, शिकवणीचे शुल्क परवडत नसताना अभ्यास केला आणि काही गुणांनी प्रवेश हुकला, त्याचे दुःख खरे असते. मात्र युक्तिवाद म्हणून त्याची तपासणी केली असता त्यात तीन उणिवा आढळतात.

पहिली उणीव अशी की, हा युक्तिवाद निवडक आहे. अकरावी प्रवेशाच्या नियमांत संस्थांतर्गत कोटा १० टक्के व व्यवस्थापन कोटा ५ टक्के असतो. अल्पसंख्याक संस्थेत ५० टक्के जागा त्या अल्पसंख्याक समाजासाठी असतात. या कोट्यांतही गुणानुक्रम लागू शकतो, परंतु त्या रांगेत उभे राहण्याची पात्रता गुणांनी ठरत नाही. ती आधीची शाळा, व्यवस्थापनाशी असलेले संबंध किंवा मातृभाषा यांवरून ठरते. गुणवत्तेचा कैवार घेणारी चर्चा या जागांकडे क्वचितच वळते. ‘कोटा’ हा शब्द उच्चारला की तिच्या डोळ्यांसमोर केवळ जातीचा दाखला येतो.

दुसरी उणीव गुणवत्तेच्या मापनाची आहे. २० जानेवारी २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने नील ऑरेलिओ नून्स प्रकरणात वैद्यकीय प्रवेशाच्या अखिल भारतीय कोट्यातील इतर मागासवर्गीय आरक्षण वैध ठरविताना असे मत नोंदविले की, खुल्या परीक्षेतील गुण म्हणजे संपूर्ण गुणवत्ता नव्हे; त्या गुणांमागे कौटुंबिक व सांस्कृतिक भांडवल उभे असते. मराठी वाचकाला हे नवीन नसावे. ‘बलुतं’ (१९७८) आणि ‘उपरा’ (१९८०) यांसारख्या आत्मकथनांनी शाळेच्या पायरीपर्यंत पोहोचण्यातच किती शक्ती खर्ची पडते, हे फार पूर्वी दाखवून दिले आहे. बदलापूरजवळच्या कातकरी वाडीतून येणारी विद्यार्थिनी आणि स्टेशनलगतच्या संकुलात राहणारी विद्यार्थिनी यांचे समान गुण हे समान श्रमांचे द्योतक नसतात.

तिसरी उणीव नोकरीच्या क्षेत्रात दिसते. खाजगी क्षेत्र केवळ गुणवत्तेवर चालते, असे गृहीत धरले जाते. सुखदेव थोरात व पॉल ॲटवेल यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात खाजगी कंपन्यांच्या जाहिरातींना समान पात्रतेचे, परंतु वेगवेगळ्या आडनावांचे अर्ज पाठविण्यात आले होते. उच्चवर्णीय नावांच्या तुलनेत दलित व मुस्लिम नावांच्या अर्जांना प्रतिसाद कमी मिळाला. खाजगी क्षेत्रातील आरक्षणाची चर्चा सुरू असताना, २००६ मध्ये, जे. जे. इराणी यांच्या अध्यक्षतेखालील उद्योगसंघटनांच्या कृतिगटाने कायद्याने आरक्षण लादण्यास विरोध करून स्वेच्छेने उपाययोजना करण्याची भूमिका घेतली होती. अंबरनाथ-बदलापूरच्या औद्योगिक वसाहतींतील नोकऱ्या आजही याच स्वेच्छेच्या कक्षेत येतात. आयुध निर्माणी मंडळ १ ऑक्टोबर २०२१ रोजी विसर्जित होऊन त्याच्या जागी सात सरकारी कंपन्या आल्या. त्या सरकारी मालकीच्या असल्याने आरक्षणाचे तत्त्व तेथे संपुष्टात आलेले नाही. परंतु कायम नोकरीऐवजी कंत्राटी कामाचा विस्तार सर्वच क्षेत्रांत होत असल्याने आरक्षणाचे क्षेत्र न बोलता आकसत जाते, ही बाब लक्षणीय आहे.

अल्पसंख्याक संस्थांचा युक्तिवाद

उल्हासनगरच्या संदर्भात अधिक गुंतागुंतीचा प्रश्न अल्पसंख्याक संस्थांचा आहे. टी. एम. ए. पै (२००२) व महाराष्ट्रातूनच उद्भवलेला पी. ए. इनामदार (२००५) या निर्णयांनी खाजगी संस्थांची स्वायत्तता अधोरेखित केली. इनामदार निर्णयाने विनाअनुदानित संस्थांवर शासन आरक्षण लादू शकत नाही असे ठरल्यानंतर संसदेने ९३ वी घटनादुरुस्ती करून अनुच्छेद १५(५) समाविष्ट केला. त्यायोगे खाजगी संस्थांतील प्रवेशांनाही आरक्षण लागू करण्याचा मार्ग खुला झाला; मात्र अल्पसंख्याक संस्था त्यातून स्पष्टपणे वगळण्यात आल्या. २०१४ च्या प्रमती निर्णयात सर्वोच्च न्यायालयाने ही तरतूद वैध ठरविली.

नियुक्त्यांच्या बाबतीत २०१० चा सिंधी एज्युकेशन सोसायटी विरुद्ध दिल्ली सरकार हा निर्णय महत्त्वाचा आहे. अनुदानित असूनही भाषिक अल्पसंख्याक शाळेवर अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवारांची राखीव पदांवर नियुक्ती करण्याची सक्ती करता येणार नाही, असे त्यात म्हटले आहे. प्रवेशाबाबत मुंबई उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये अल्पसंख्याक महाविद्यालयांत अनुसूचित जाती-जमातींचे आरक्षण लागू करणारे मुंबई विद्यापीठाचे २००१ चे परिपत्रक रद्द केले. मे २०२५ मध्ये अकरावी प्रवेशासंबंधीच्या शासन निर्णयाद्वारे अल्पसंख्याक कोट्याबाहेरील जागांना सामाजिक आरक्षण लागू करण्याचा प्रयत्न झाला, तेव्हा जून २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने त्यास अंतरिम स्थगिती दिली.

या भूमिकेच्या बाजूने बरेच सांगता येते. सिंधी भाषेस स्वतःचे राज्य नाही. १९६७ मध्ये ती आठव्या अनुसूचीत समाविष्ट झाली, तरी तिचा प्रदेश सीमेपलीकडे राहिला. अशा समाजाला स्वतःच्या संस्था टिकविण्याचा अधिकार नसेल, तर बहुसंख्येच्या दडपणाखाली त्याची ओळख पुसली जाण्याची भीती असते. राज्यशासनाच्या हाती आरक्षणाच्या निमित्ताने संस्थेचा ताबा जाईल, ही शंकाही अगदीच निराधार म्हणता येत नाही.

असे असले तरी एक प्रश्न अनुत्तरित राहतो. अल्पसंख्याक कोट्यातील ५० टक्के जागा संस्थेच्या ओळखीचे रक्षण करतात, हे मान्य. उरलेल्या जागांपैकी संस्थांतर्गत व व्यवस्थापन कोटा वगळता सुमारे ३५ टक्के जागा सर्वांसाठी खुल्या असतात. या जागांवर सिंधीतर विद्यार्थीच मोठ्या प्रमाणात येणार, हे गृहीतच आहे. मग त्या सिंधीतरांमध्ये अनुसूचित जातीचा विद्यार्थी आल्याने सिंधी भाषेचे किंवा संस्कृतीचे कोणते नुकसान होते? अनुच्छेद ३० चा हेतू आणि त्याची व्याप्ती यांत येथे अंतर पडलेले दिसते. विद्यमान कायद्यानुसार ही सूट वैध आहे, याविषयी वाद नाही. वाद आहे तो कायदेशीर सूट आणि नैतिक समर्थन या दोन गोष्टी एकच मानण्याविषयी.

या रचनेचा फटका केवळ अनुसूचित जाती-जमातींनाच बसतो असेही नाही. १०३ व्या घटनादुरुस्तीने (२०१९) आलेल्या अनुच्छेद १५(६) मधूनही अल्पसंख्याक संस्था वगळलेल्या आहेत. परिणामी आर्थिकदृष्ट्या दुर्बल सिंधी विद्यार्थ्याला स्वतःच्या समाजाच्या महाविद्यालयात अल्पसंख्याक कोटा आणि इतरत्र आर्थिक दुर्बल घटकांचे आरक्षण, असे दोन मार्ग उपलब्ध होतात. त्याच वस्तीतील गरीब मराठी विद्यार्थ्याला, तो खुल्या प्रवर्गातील असो वा राखीव, घराजवळच्या त्याच महाविद्यालयात गुणांच्या खुल्या रांगेखेरीज मार्ग उरत नाही. ज्या परिसरातील मोजकीच महाविद्यालये विद्यार्थ्याच्या आवाक्यात असतात आणि त्यांपैकी काही अल्पसंख्याक असतात, तेथे राज्यपातळीवरील टक्केवारी स्थानिक पातळीवर अर्थशून्य ठरू शकते.

अध्यापक भरती : एकक कोणते?

अध्यापक भरतीत मतभेदाचे स्वरूप अधिक तांत्रिक होते, आणि म्हणूनच अधिक दुर्लक्षित राहते. १९९० मध्ये नागपूर विद्यापीठाच्या प्रकरणात (डॉ. सुरेशचंद्र वर्मा) सर्वोच्च न्यायालयाने आरक्षण विषयनिहाय जाहीर केले पाहिजे, अशी भूमिका घेतली. पदांची एकत्रित टक्केवारी जाहीर करून कोणत्या विषयातील पद राखीव आहे हे गुलदस्त्यात ठेवल्यास उमेदवारांची दिशाभूल होते, हे त्यामागील तत्त्व होते. पुढे २०१७ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने विभाग हेच एकक मानण्याचा निर्णय दिला. विद्यापीठ अनुदान आयोगाने मार्च २०१८ मध्ये त्यानुसार आदेश काढला आणि देशभर असंतोष उसळला. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केंद्राची याचिका फेटाळल्यावर प्रथम अध्यादेश व नंतर केंद्रीय शैक्षणिक संस्था (अध्यापक संवर्गातील आरक्षण) अधिनियम, २०१९ आला. त्यायोगे संपूर्ण संस्था हे एकक ठरले. महाराष्ट्रानेही २०२१ मध्ये याच धर्तीवर अध्यापक संवर्गासाठी कायदा केला.

एककाच्या बदलाने काय घडते, हे एका साध्या उदाहरणाने स्पष्ट होईल. समजा, एखाद्या संस्थेत २० विषय असून प्रत्येक विषयात दोन, अशी एकूण ४० पदे आहेत. केंद्रीय बिंदुनामावलीत इतर मागासवर्गाचा पहिला बिंदू चौथा, अनुसूचित जातीचा सातवा आणि अनुसूचित जमातीचा चौदावा येतो. विभाग हे एकक धरल्यास कोणताही विषय चौथ्या बिंदूपर्यंत पोहोचत नाही. म्हणून ४० पैकी एकही पद राखीव होत नाही. संस्था हे एकक धरल्यास त्याच ४० पदांत इतर मागासवर्गाची १०, अनुसूचित जातीची ६ आणि अनुसूचित जमातीची ३ पदे येऊ शकतात. आरक्षणाची टक्केवारी दोन्ही वेळा तीच आहे. कायद्यातील एक शब्दही न बदलता, केवळ मोजण्याची पद्धत बदलून १९ पदे नाहीशी किंवा दृश्यमान होतात.

विभागनिहाय एककाच्या समर्थकांचा मुद्दाही विचारात घ्यावयास हवा. संपूर्ण संवर्ग एकत्र धरल्यास एका विषयातील सर्व पदे राखीव आणि दुसऱ्यातील सर्व खुली, अशी विषम स्थिती उद्भवू शकते. एखाद्या विषयात वर्षानुवर्षे पात्रता मिळविणाऱ्या खुल्या प्रवर्गातील उमेदवाराला आपल्या विषयाची जाहिरातच दिसत नाही, ही तक्रार काल्पनिक नाही. परंतु या अडचणीचे उत्तर आरक्षण शून्यावर आणणे हे नसून, कोणते पद कोणत्या विषयास का गेले याची कारणे जाहीर करणे व फेरपालटाचा नियम पाळणे हे आहे. नागपूर प्रकरणातील पारदर्शकतेचे तत्त्व आणि २०१९ च्या कायद्यातील प्रतिनिधित्वाचे तत्त्व परस्परविरोधी नाहीत.

या सर्व वादाला एक कडवट पार्श्वभूमी आहे. पद भरलेच नाही, तर त्यावरील वाद व्यर्थ ठरतो. नोव्हेंबर २०२१ मध्ये राज्य शासनाने अनुदानित महाविद्यालयांतील २०८८ सहायक प्राध्यापक पदे भरण्यास मान्यता दिली, तेव्हा ती मोठी बातमी झाली. कारण भरती दीर्घकाळ रखडलेली होती. मधल्या काळात अध्यापनाचे काम तासिका तत्त्वावरील अध्यापकांनी केले व अद्यापही अनेक ठिकाणी तेच करीत आहेत. नेट, सेट किंवा पीएच.डी. धारण करणारा राखीव प्रवर्गातील आणि खुल्या प्रवर्गातील उमेदवार सकाळच्या एकाच लोकलने अंबरनाथहून पुढे जाऊन दोन-तीन महाविद्यालयांत तासिका घेतात. परस्परांना प्रतिस्पर्धी समजणारे हे दोघेही प्रत्यक्षात एकाच रिक्त पदाच्या दोन बाजूंना उभे असतात. राखीव उमेदवाराला वाटते की पद आरक्षणविरोधामुळे अडले आहे. खुल्या उमेदवाराला वाटते की ते आरक्षणामुळे अडले आहे. पद मात्र आर्थिक मान्यतेअभावी अडलेले असते.

समर्थकांच्या भूमिकेतील उणिवा

आरक्षणाच्या समर्थकांची भूमिकाही चिकित्सेपलीकडे नाही. टक्केवारी मिळाली म्हणजे न्याय मिळाला, असे मानण्याची सवय या बाजूस जडलेली दिसते. महाराष्ट्रात २००१ च्या अधिनियमान्वये अनुसूचित जाती १३, अनुसूचित जमाती ७, विमुक्त जाती व भटक्या जमातींचे चार गट मिळून ११, विशेष मागास प्रवर्ग २ आणि इतर मागासवर्ग १९, असे एकूण ५२ टक्के आरक्षण आहे. आर्थिक दुर्बल घटकांचे १० टक्के आणि २०२४ च्या कायद्याने मराठा समाजास दिलेले १० टक्के मिळून कागदावरील बेरीज ७२ टक्के होते. मराठा आरक्षणाचा पूर्वीचा कायदा सर्वोच्च न्यायालयाने ५ मे २०२१ रोजी रद्द केला होता, हेही येथे लक्षात घ्यावयास हवे. एवढी बेरीज होऊनही भरती न झाल्यास तिचा उपयोग काय, हा प्रश्न मोर्चांमधून फारसा विचारला जात नाही. प्रत्येक समाजाचे आंदोलन वाटा मागते. एकूण पदे किती, हे विचारणारे आंदोलन दुर्मीळ आहे.

दुसरी उणीव अंतर्गत विषमतेविषयीच्या मौनाची आहे. १ ऑगस्ट २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींच्या पीठाने सहा विरुद्ध एक अशा बहुमताने अनुसूचित जातींचे उपवर्गीकरण करण्यास राज्यांना मुभा दिली. या निर्णयाने ऐक्य भंगेल, अशी भीती व्यक्त झाली. ती समजण्याजोगी आहे. परंतु अनुसूचित जमातींच्या ७ टक्क्यांत विशेष असुरक्षित म्हणून नोंद झालेल्या कातकरी समाजाचा पदवीधर किती वेळा दिसतो, या प्रश्नाचे उत्तर ऐक्याच्या आवाहनाने मिळत नाही.

आर्थिक निकषाचा पर्याय या दोन्ही बाजूंना मधला मार्ग वाटतो. तथापि, ७ नोव्हेंबर २०२२ च्या निर्णयात तीन विरुद्ध दोन मतांनी वैध ठरलेल्या आरक्षणातून अनुसूचित जाती-जमाती व इतर मागासवर्गातील गरीब वगळलेले आहेत. न्या. रवींद्र भट यांनी सरन्यायाधीश उदय लळित यांच्या सहमतीने मांडलेले अल्पमत याच वगळण्यावर बोट ठेवते. शिवाय ८ लाख रुपयांची मर्यादा इतर मागासवर्गात सधनांना बाहेर काढण्यासाठी आहे, तर खुल्या प्रवर्गात गरीब ठरविण्यासाठी तीच वापरली जाते. एकच आकडा एका ठिकाणी संपन्नतेची आणि दुसऱ्या ठिकाणी दारिद्र्याची सीमा ठरतो, ही विसंगती आर्थिक निकषाच्या समर्थकांनी स्पष्ट करावयास हवी.

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २९ जून २०२३ रोजी हार्वर्ड प्रकरणात वंशाधारित प्रवेशप्राधान्य घटनाबाह्य ठरविल्यानंतर भारतातही तसे व्हावे, असा सूर काही ठिकाणी उमटला. परंतु तेथे अशा धोरणास घटनेचा स्पष्ट आधार नव्हता; भारतात तो अनुच्छेदांच्या रूपाने आहे. म्हणून ही तुलना युक्तिवाद म्हणून फारशी टिकत नाही.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष मांडता येतील.

१. उल्हासनगर–अंबरनाथ–बदलापूर परिसरातील आरक्षणाचा प्रश्न हा ‘गुणवत्ता विरुद्ध जात’ असा द्विपदी नसून, विस्थापनाचा व जातीय बहिष्काराचा असे वंचिततेचे दोन इतिहास आणि त्यांना मिळालेली दोन वेगवेगळी घटनात्मक संरक्षणे यांच्या परस्परसंबंधाचा आहे.

२. गुणवत्तेचा युक्तिवाद सर्व प्रकारच्या कोट्यांना सारखाच लावला तरच तो प्रामाणिक ठरतो.

३. अल्पसंख्याक संस्थांची सूट विधिमान्य असली, तरी अल्पसंख्याक कोट्याबाहेरील जागांवर दुर्बल विद्यार्थ्यांना स्वेच्छेने स्थान देण्यास कोणताही कायदा प्रतिबंध करीत नाही. ज्या समाजाने बराकीत शाळा भरवून पुन्हा उभे राहण्याचा अनुभव घेतला, त्याच्या संस्थांकडून ही अपेक्षा करणे अवाजवी नाही.

४. अध्यापक भरतीत एककाची निवड ही तांत्रिक बाब नसून धोरणाचा गाभा आहे. बिंदुनामावली व विषयवाटपाची कारणे प्रत्येक महाविद्यालयाने जाहीर केल्यास निम्मे गैरसमज आपोआप दूर होतील.

५. रिक्त पदे भरण्याची मागणी ही राखीव व खुल्या, दोन्ही प्रवर्गांतील उमेदवारांची समान मागणी आहे.

महाविद्यालयीन अध्यापक हा या प्रश्नाचा केवळ भाष्यकार नाही. प्रवेशाची यादी त्याच्या हाताखालून जाते आणि निवड समितीच्या अहवालावर त्याची स्वाक्षरी असते. मत कोणतेही असो, समोरची यादी नेमकी कशी मोजली गेली हे विचारणे आणि सांगणे, एवढे त्याच्या अधिकारात निश्चितच आहे. शंभर वर्षांहून अधिक काळ चाललेल्या या वादात त्याची भर तेथूनच पडू शकते.